स्पॅनिशमधलं 'मेन्ते': क्रियाविशेषणं घडवण्याबद्दल आणि जोडण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांकडून वर्गात, व्हॉट्सॲपवर आणि गृहपाठाच्या समासात जे प्रश्न फिरून फिरून येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सलग वाचायची गरज नाही. प्रत्येक उत्तर स्वतंत्र आहे, आणि जिथे दुसऱ्या उत्तराची मदत लागेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

उदाहरणं देवनागरीत आहेत आणि उच्चार लॅटिन अमेरिकेतला आहे. स्पेनच्या बऱ्याच भागात जिथे 'थ'सारखा ध्वनी ऐकू येतो, तिथे इथे 'स' दिसेल. स्वरावरची तिरकी रेघ, म्हणजे आघातचिन्ह, देवनागरीत दाखवता येत नाही. जिथे तिच्यामुळे फरक पडतो तिथे ते शब्दांत सांगितलं आहे.

१. क्रियाविशेषण आणि विशेषण यांत माझा नेहमी गोंधळ होतो. पटकन ओळखायचं कसं?

कर्ता बदलून बघा. 'पेद्रो आब्ला क्लारामेन्ते' म्हणजे पेद्रो स्पष्टपणे बोलतो. आता पेद्रोच्या जागी मुली आणा: 'लास निन्यास आब्लान क्लारामेन्ते'. क्रियापद बदललं, 'क्लारामेन्ते' मात्र तसंच राहिलं. हे क्रियाविशेषण. याउलट 'रेस्पुएस्ता क्लारा' (स्पष्ट उत्तर) अनेकवचनात 'रेस्पुएस्तास क्लारास' होतं, म्हणजे तिथे 'क्लारा' विशेषण आहे आणि ते नामाच्या मागे मागे चालतं.

स्पॅनिशमध्ये काही क्रियाविशेषणं तयारच मिळतात: 'आकी' (इथे), 'आयेर' (काल), 'सिएम्प्रे' (नेहमी), 'कासी' (जवळजवळ), 'बिएन' (चांगलं). ती पाठ करायची. उरलेली मोठी फौज विशेषणाला 'मेन्ते' लावून घडवता येते, आणि बहुतेक प्रश्न तिच्याबद्दलच येतात.

२. विशेषणाला 'मेन्ते' लावायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

विशेषणाचं स्त्रीलिंगी एकवचनी रूप घ्यायचं आणि त्याला 'मेन्ते' जोडायचं. मध्ये जागा नाही, जोडरेघ नाही.

'लेंतो' (संथ), स्त्रीलिंगी 'लेंता', म्हणून 'लेंतामेन्ते'. 'कुइदादोसो' (काळजी घेणारा), स्त्रीलिंगी 'कुइदादोसा', म्हणून 'कुइदादोसामेन्ते'. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे शब्दकोशातलं पुल्लिंगी रूप उचलून 'लेंतोमेन्ते' लिहिणं. असा शब्द नाही.

३. बोलणारा पुरुष, कर्ता पुरुष, तरी विशेषण स्त्रीलिंगी का?

कारण ते स्त्रीलिंग कर्त्याचं नाही, 'मेन्ते'चं आहे. लॅटिनमध्ये 'मेन्स' म्हणजे मन, आणि तो शब्द स्त्रीलिंगी. 'क्लारा मेन्ते' म्हणजे 'स्वच्छ मनाने', अगदी आपण 'मोकळ्या मनाने', 'जड अंतःकरणाने' म्हणतो तसं. 'मोकळ्या' हे रूप 'मनाने'मुळे येतं, बोलणाऱ्यामुळे नाही. तिथेही तेच चाललं होतं.

पुढे 'मेन्ते'मधलं मन झिजत गेलं आणि नुसती रीत उरली. आज 'एल त्रेन पासा रापिदामेन्ते' (गाडी वेगाने जाते) म्हणताना गाडीला मन आहे असं कुणी समजत नाही. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये 'मिएन्त्रे' असंही रूप होतं. सिद या स्पॅनिश वीराच्या जुन्या महाकाव्याची आज उपलब्ध असलेली पहिलीच ओळ 'फुएर्तेमिएन्त्रे' रडण्याबद्दल आहे.

हा इतिहास मी मुद्दाम सांगतो, कारण 'मेन्ते' पूर्णपणे प्रत्यय झालेलं नाही. अजूनही ते अर्धं स्वतंत्र शब्दासारखं वागतं. विशेषण स्त्रीलिंगी राहणं, आघातचिन्ह जागेवर राहणं (प्रश्न ५) आणि जोडताना 'मेन्ते' गळणं (प्रश्न ९), या तिन्ही गोष्टी त्या एकाच कारणाने होतात. तीन वेगळे नियम म्हणून पाठ केलेत तर तिन्ही विसराल.

४. ज्या विशेषणाला वेगळं स्त्रीलिंगी रूपच नाही, त्याचं काय?

मग आहे त्या रूपालाच 'मेन्ते' लावा. 'आलेग्रे' (आनंदी) पासून 'आलेग्रेमेन्ते', 'फासिल' (सोपं) पासून 'फासिलमेन्ते', 'फेलीस' (सुखी) पासून 'फेलीसमेन्ते'. मध्ये उगाच 'आ' घुसवून 'फासिलामेन्ते' करू नका.

शेवटी 'ओर' असलेली विशेषणं मात्र दोन जातींची आहेत. 'एन्कान्तादोर' (मोहक) याचं स्त्रीलिंगी 'एन्कान्तादोरा' होतं, म्हणून 'एन्कान्तादोरामेन्ते'. पण 'आन्तेरिओर' (आधीचा), 'पोस्तेरिओर' (नंतरचा), 'सुपेरिओर' (वरचा), 'मायोर' (मोठा) ही मूळची तुलनादर्शक रूपं. त्यांचं पुल्लिंग-स्त्रीलिंग एकच. म्हणून 'आन्तेरिओरमेन्ते', 'पोस्तेरिओरमेन्ते', 'मायोरमेन्ते'. 'कोर्तेस' (सभ्य) हेही दोन्ही लिंगांत तसंच राहतं, म्हणून 'कोर्तेसमेन्ते'.

५. विशेषणावर आघातचिन्ह असेल तर 'मेन्ते' लावल्यावर ते राहतं की जातं?

मूळ विशेषणावर असेल तर राहतं, नसेल तर नव्याने येत नाही. 'रापिदो'च्या पहिल्या 'आ'वर चिन्ह आहे, म्हणून 'रापिदामेन्ते'तही तिथेच. 'फासिल'च्या 'आ'वर आहे, 'कोर्तेस'च्या 'ए'वर आहे, दोन्ही तसेच राहतात. 'लेंतो'वर नाही, म्हणून 'लेंतामेन्ते'वरही नाही, शब्द कितीही लांब झाला तरी.

उच्चारातही दोन आघात ऐकू येतात: एक विशेषणाचा जिथल्या तिथे, दुसरा 'मेन्'वर. मराठी विद्यार्थी बहुतेकदा दुसराच तेवढा ठोकतात आणि पहिला गिळतात. 'रापिदामेन्ते' म्हणताना 'रा'वर आधी थांबा, मग 'मेन्'वर.

६. 'बुएनो'पासून 'बुएनामेन्ते' आणि 'मालो'पासून 'मालामेन्ते' होतं का?

'चांगल्या प्रकारे' याला 'बिएन' आणि 'वाईट प्रकारे' याला 'माल'. रोजच्या वापरात हेच.

गंमत अशी की 'बुएनामेन्ते' आणि 'मालामेन्ते' हे शब्द अस्तित्वात आहेत. 'लो के बुएनामेन्ते पुएदास' म्हणजे 'तुला सहज जमेल तेवढं'. 'मालामेन्ते' बोलीत ऐकू येतं, वाईट रीतीने किंवा जेमतेम अशा अर्थाने. तुम्ही निबंधात दोन्ही टाळा, पण कानावर पडले तर दचकू नका.

७. 'ती चांगली गाते' याला मी 'एया कांता बुएना' लिहिलं. सरांनी खोडलं. का?

कारण तुम्ही मराठीत विचार केलात, आणि मराठी इथे दगा देते. आपल्याकडे 'तो चांगला खेळतो, ती चांगली खेळते, मुली चांगल्या खेळतात' असं क्रियाविशेषणही कर्त्याबरोबर बदलतं. स्पॅनिशमध्ये 'एया कांता बिएन', 'एयोस कांतान बिएन', 'एयास कांतान बिएन'. बदल शून्य.

हीच चूक 'मेदिओ'च्या बाबतीत होते. 'ती अर्धवट झोपेत आहे' हे 'एस्ता मेदिओ दोर्मिदा'. 'दोर्मिदा' कर्त्याप्रमाणे स्त्रीलिंगी, पण 'मेदिओ' इथे क्रियाविशेषण, म्हणून जसंच्या तसं. 'मेदिया दोर्मिदा' तुम्हाला स्पॅनिशभाषक लोकांच्या तोंडीही ऐकायला मिळेल, पण प्रमाण लेखनात ते बसत नाही.

तरीसुद्धा क्रियापदानंतर आलेला प्रत्येक शब्द क्रियाविशेषणच असतो असं धरून चालू नका. 'एयास येगारोन कान्सादास' म्हणजे त्या थकलेल्या अवस्थेत पोहोचल्या. तिथे 'कान्सादास' हे विशेषण आहे, त्या बायकांचं वर्णन करतं, आणि म्हणून बदलतं. 'बिबिएरोन फेलिसेस' (ते सुखाने राहिले) हेही तसंच. कृती कशी झाली ते सांगायचं आहे, की करणारा कसा होता ते, हा प्रश्न स्वतःला विचारा. या दोहोंच्या सीमेवरचं एक अवघड वाक्य प्रश्न १४ मध्ये आहे.

८. 'कोर्रे रापिदो' बरोबर की 'कोर्रे रापिदामेन्ते'?

दोन्ही. काही विशेषणं 'मेन्ते' न लावता, पुल्लिंगी एकवचनी रूपातच क्रियाविशेषण होतात आणि मग गोठून जातात: 'एयास कोर्रेन रापिदो', 'एयास आब्लान क्लारो'. बोलताना 'रापिदो' जास्त सहज वाटतं, लिहिताना 'रापिदामेन्ते' चालून जातं. लॅटिन अमेरिकेत ही सवय आणखी पसरलेली आहे; 'कांता लिन्दो' (छान गाते), 'आब्ला बोनितो' (गोड बोलतो) हे तिथे अगदी नेहमीचं.

पण सगळ्या जोड्या समानार्थी नाहीत. 'आब्लार आल्तो' म्हणजे मोठ्याने बोलणं, तर 'आल्तामेन्ते तोक्सिको' म्हणजे अत्यंत विषारी. मोठ्याने बोलायला 'आल्तामेन्ते' वापरता येत नाही. 'आब्लार बाहो' म्हणजे हळू आवाजात बोलणं, 'बाहामेन्ते' म्हणजे नीचपणे. 'त्राबाहार दुरो' (कसून काम करणं) आणि 'क्रितिकार दुरामेन्ते' (कठोर टीका करणं) हीही आपापल्या जागी पक्की बसलेली आहेत. 'रेस्पिरार ओन्दो' (खोल श्वास घेणं), 'हुगार लिम्पिओ' (स्वच्छ खेळणं) या गोठलेल्या जोड्या क्रियापदासकट पाठ केलेल्या बऱ्या.

९. दोन 'मेन्ते'वाली क्रियाविशेषणं 'आणि'ने जोडायची असतील तर?

शेवटच्यालाच 'मेन्ते' ठेवायचं. आधीच्याचं नुसतं स्त्रीलिंगी एकवचनी विशेषण उरतं.

'लेंता इ कुइदादोसामेन्ते': संथपणे आणि काळजीपूर्वक. 'लेंतामेन्ते इ कुइदादोसामेन्ते' व्याकरणदृष्ट्या पाप नाही, पण विशेष जोर द्यायचा नसेल तर कानाला खटकतं.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. 'शांतपणे आणि स्पष्टपणे सांगितलं' याऐवजी आपण सर्रास 'शांत आणि स्पष्टपणे सांगितलं' म्हणतो. 'प्रेम आणि आदराने वागवलं' यातही 'ने' एकदाच येतो आणि दोघांचं काम करतो. फरक इतकाच की आपल्याकडे ती सोय आहे, स्पॅनिशमध्ये तो शिरस्ता आहे.

तीन ठिकाणी लोक अडखळतात. एक, पहिलं विशेषण पुल्लिंगी लिहितात: 'लेंतो इ कुइदादोसामेन्ते' चूक. अदृश्य 'मेन्ते' तिथे आहेच, म्हणून 'लेंता'च. दोन, कर्ता अनेकवचनी असला की 'लेंतास' करतात, तेही चूक. तीन, आघातचिन्ह विसरतात. 'रापिदा इ कुइदादोसामेन्ते' यात 'रापिदा'वरचं चिन्ह कायम, कारण ते विशेषणाचं स्वतःचं आहे (प्रश्न ५).

पहिलं विशेषण प्रश्न ४ मधल्या जातीचं असेल तर दिसायला काहीच बदल होत नाही: 'फासिल इ रापिदामेन्ते' (सहज आणि लवकर).

काही जोड्या इतक्या रुळल्या आहेत की त्या एकसंधच शिकाव्यात. 'लिसा इ यानामेन्ते' म्हणजे सरळसरळ, आडपडदा न ठेवता. 'पुरा इ सिम्प्लेमेन्ते' म्हणजे निव्वळ. 'उनिका इ एक्सक्लुसिवामेन्ते' म्हणजे फक्त आणि फक्त; सरकारी सूचना आणि करारपत्रांचा हा लाडका शब्दप्रयोग.

१०. हे फक्त 'आणि'पुरतं आहे का? 'पण', 'किंवा' आणि तीन-चार शब्दांची रांग असेल तर?

बाकीच्या जोडशब्दांनाही लागू आहे.

'दिरेक्ता ओ इन्दिरेक्तामेन्ते': प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे.
'लेंता पेरो इनेक्सोराब्लेमेन्ते': संथपणे पण अटळपणे.
'नि फिसिका नि मेन्तालमेन्ते': ना शारीरिकदृष्ट्या, ना मानसिकदृष्ट्या.
'तान्तो फिसिका कोमो मेन्तालमेन्ते': शारीरिक आणि मानसिक, दोन्ही दृष्टींनी.

रांग लांबली तरी 'मेन्ते' शेवटच्या डब्याला: 'क्लारा, कोन्सिसा इ एलेगान्तेमेन्ते' (स्पष्ट, थोडक्यात आणि डौलदारपणे). मात्र शेवटी जोडशब्दच नसेल आणि नुसत्या स्वल्पविरामांनी शब्द मांडले असतील, तर प्रत्येकाचं 'मेन्ते' राहतं: 'लेंतामेन्ते, कुइदादोसामेन्ते, आब्रिओ ला पुएर्ता'. कथा-कादंबऱ्यांत दार उघडताना असं बरंच आढळतं.

११. 'दिरेक्ता ए इन्दिरेक्तामेन्ते' असं पाहिलं. 'इ'चं 'ए' का झालं?

पुढचा शब्द 'इ' ध्वनीने सुरू होतो म्हणून. दोन 'इ' एकमेकांत मिसळू नयेत यासाठी 'आणि'चा 'इ' तिथे 'ए' होतो. तसंच 'ओ' (किंवा) हा 'ओ'ने सुरू होणाऱ्या शब्दाआधी 'उ' होतो: 'प्रिवादा उ ओफिसिआलमेन्ते' (खासगीत किंवा अधिकृतपणे). क्रियाविशेषणांचा हा खास नियम नाही, सगळ्या स्पॅनिशचा आहे.

१२. एक 'मेन्ते'वालं आणि एक साधं क्रियाविशेषण जोडायचं असेल तर काय गाळायचं?

काहीही नाही. 'बिएन इ रापिदामेन्ते' बरोबर, 'रापिदामेन्ते इ बिएन' हेही बरोबर. 'रापिदा इ बिएन' मात्र साफ चूक, कारण एकट्या राहिलेल्या 'रापिदा'ला आधार द्यायला पुढे 'मेन्ते' नाही. शेवटचा शब्द 'मेन्ते'वाला असेल तरच आधीच्याचं गाळता येतं.

प्रत्यक्षात बोलणारा माणूस 'रापिदो इ बिएन' म्हणून मोकळा होतो (प्रश्न ८ मधलं 'रापिदो'). साधी क्रियाविशेषणं आपापसांत बिनबोभाट जुळतात: 'बिएन ओ माल' (बरं-वाईट कसंही), 'तार्दे ओ तेम्प्रानो' (आज ना उद्या). 'तार्दे, माल इ नुन्का' ही म्हणही अशीच: उशिरा, वाईट आणि कधीच नाही. कामचुकार यंत्रणांबद्दल ती वापरतात.

१३. कधी 'मेन्ते' गाळायचंच नाही, असं आहे का?

आहे. दोन क्रियाविशेषणं खरोखर एकाच कामाला जुंपलेली असतील तरच गाळणं शक्य आहे.

'आब्लो क्लारामेन्ते इ से मार्चो रापिदामेन्ते' (तो स्पष्ट बोलला आणि चटकन निघून गेला) यात दोन क्रियापदं आहेत. पहिलं 'मेन्ते' काढलंत तर 'आब्लो क्लारा' असं निरर्थक काहीतरी उरतं. इथे 'आणि' वाक्यं जोडतोय, क्रियाविशेषणं नाही.

दुसरा प्रकार जास्त फसवा. 'देस्ग्रासिआदामेन्ते' (दुर्दैवाने) हे बोलणाऱ्याचं मत आहे, 'लेंतामेन्ते' ही कृतीची रीत. दोन्ही 'मेन्ते'वालीच, पण एकाच पातळीवरची नाहीत. म्हणून 'देस्ग्रासिआदा इ लेंतामेन्ते' जमत नाही. वाक्य असं बांधायचं: 'देस्ग्रासिआदामेन्ते, रेस्पोन्दिओ लेंतामेन्ते'. मराठीतही 'दुर्दैव आणि संथपणे उत्तर दिलं' म्हणून पाहा, लगेच कळेल.

तिसरं, जोर. भाषणात वक्ता 'क्लारामेन्ते इ रोतुन्दामेन्ते' असं दोन्ही पूर्ण उच्चारतो ते ठसवण्यासाठी. ते चालतं. गृहपाठात मात्र तो ठसका दिसत नाही, नियम ठाऊक नाही असंच वाटतं.

आणि उलट दिशेने गाळणं कधीच नाही: 'लेंतामेन्ते इ कुइदादोसा' स्पॅनिशमध्ये होत नाही. शेजारच्या कातालान भाषेत काय होतं ते प्रश्न २० मध्ये.

१४. 'मार्ता रेस्पोन्दिओ त्रिस्ते इ लेंतामेन्ते.' इथे 'त्रिस्ते' कोण?

दोन अर्थ निघतात. 'त्रिस्ते' (दुःखी) दोन्ही लिंगांत सारखंच, म्हणून ते 'त्रिस्तेमेन्ते'मधून 'मेन्ते' गळून उरलेलं असू शकतं (तिने खिन्नपणे आणि संथपणे उत्तर दिलं), किंवा मार्ताचं विशेषण असू शकतं (दुःखी अवस्थेतल्या मार्ताने संथपणे उत्तर दिलं). वाक्याकडे कितीही टक लावली तरी निकाल लागत नाही.

आता कर्ता पुरुष आणि विशेषण 'ओ'वालं घ्या. 'पेद्रो रेस्पोन्दिओ सेरिआ इ लेंतामेन्ते.' पेद्रो पुरुष, पण 'सेरिआ' स्त्रीलिंगी. म्हणजे ते पेद्रोचं विशेषण असूच शकत नाही, गळलेल्या 'मेन्ते'चंच आहे. अर्थ: गंभीरपणे आणि संथपणे. 'पेद्रो रेस्पोन्दिओ सेरिओ' असतं तर मात्र पेद्रो गंभीर होता.

नियम घोकण्यापेक्षा ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहून ठेवा. स्वतः लिहिताना संदिग्धता टाळायची असेल तर 'कोन त्रिस्तेसा इ लेन्तितुद' (दुःखाने आणि संथपणे) असा नामांचा मार्ग धरा. त्याबद्दल प्रश्न १८.

१५. 'मुइ' एकदाच लावायचं की दोनदा? आणि 'अधिक चांगलं' याला 'मास बिएन' का नाही?

'मुइ लेंता इ कुइदादोसामेन्ते' यात 'मुइ' (फार) साधारणपणे दोघांनाही लागू होतं. दोन्हींवर वेगवेगळा भर हवा असेल तर पुन्हा वापरा. 'मास रापिदा इ मास एफिकासमेन्ते' (अधिक लवकर आणि अधिक परिणामकारकपणे) असं तुलनेत दिसतं.

'बिएन'चं तुलनादर्शक 'मेहोर', 'माल'चं 'पेओर'. 'मास बिएन' हा शब्दप्रयोग आहे, पण त्याचा अर्थ 'त्यापेक्षा असं म्हणा की', 'खरं तर जरा'. 'एस मास बिएन तिमिदो' म्हणजे तो तसा लाजाळूच म्हणायचा.

'अत्यंत'वाल्या 'इसिमो' रूपांनाही 'मेन्ते' लागतं: 'लेंतिसिमामेन्ते', 'क्लारिसिमामेन्ते'. पहिल्या 'इ'वरचं आघातचिन्ह कायम. बोलताना मात्र लोक 'मुइ लेंतामेन्ते'वर भागवतात.

१६. कुठल्याही विशेषणाला 'मेन्ते' लावून टाकलं तर?

लागणार नाही. रंगांना लागत नाही, 'रोहामेन्ते' असं काही नाही. 'मुचो' (पुष्कळ), 'ओत्रो' (दुसरा) यांनाही नाही. क्रमवाचकांपैकी 'प्रिमेरामेन्ते' (सर्वप्रथम) चालतं, पण 'दुसरं म्हणजे' याला 'एन सेगुन्दो लुगार' म्हणा. 'उल्तिमामेन्ते' दिसतं क्रमवाचक, पण अर्थ 'शेवटी' नाही, 'अलीकडे' आहे. शेवटी म्हणायचं तर 'पोर उल्तिमो'.

लघुत्वदर्शक 'इतो'चं उलट आहे. ते साध्या क्रियाविशेषणांना हौसेने लागतं: 'देस्पासिओ'चं 'देस्पासितो', 'सेर्का'चं 'सेर्कीता', मेक्सिकोत तर 'आओरा'चं 'आओरिता', जे 'आत्ता लगेच'पासून 'बघू केव्हातरी'पर्यंत काहीही असू शकतं.

१७. इंग्रजीच्या आधाराने अर्थ लावला की फसतो. कोणते शब्द सांभाळायचे?

'आक्तुआलमेन्ते' म्हणजे सध्या. 'खरं तर' नव्हे. त्याला 'एन रेआलिदाद'. 'एवेन्तुआलमेन्ते' म्हणजे प्रसंगी, कधीमधी. 'अखेरीस'ला 'आल फिनाल'. 'दिफिसिलमेन्ते' बहुधा 'मुश्कीलच' या अर्थाने येतं: 'दिफिसिलमेन्ते बेन्द्रा' म्हणजे तो येणं अवघडच आहे.

सर्वांत लबाड शब्द 'सेगुरामेन्ते'. 'सेगुरो' म्हणजे खात्रीचा, म्हणून 'सेगुरामेन्ते' म्हणजे खात्रीने, असं वाटतं. व्यवहारात त्याचा अर्थ 'बहुतेक' असतो. प्लंबर 'सेगुरामेन्ते मान्याना' म्हणाला तर उद्या सुट्टी काढू नका.

१८. परिच्छेदात 'मेन्ते' फार झाले, वाचवत नाही. पर्याय काय?

दोन सोपे मार्ग. पहिला, 'कोन' आणि नाम: 'कोन कुइदादो' (काळजीने), 'कोन क्लारिदाद' (स्पष्टपणे), 'कोन फ्रेकुएन्सिआ' (वारंवार). मराठीतल्या 'ने'सारखंच. दुसरा, 'दे मानेरा' किंवा 'दे फोर्मा' आणि विशेषण: 'दे मानेरा क्लारा इ कोन्सिसा'. 'मानेरा' आणि 'फोर्मा' स्त्रीलिंगी. पण 'दे मोदो' घेतलंत तर 'मोदो' पुल्लिंगी, म्हणून 'दे मोदो क्लारो इ कोन्सिसो'. प्रश्न ९ मध्ये स्त्रीलिंग घोटून बसवलेले विद्यार्थी इथे हमखास 'दे मोदो क्लारा' लिहितात.

'हळूहळू', 'पटापट'सारखी द्विरुक्ती शोधत असाल, तर 'लेंतामेन्ते लेंतामेन्ते' करू नका. हळूहळूला 'पोको आ पोको'. मेक्सिकोतलं 'लुएगो लुएगो' (लगेच) हे मात्र खरंखुरं जोडशब्दी आहे.

१९. क्रियाविशेषण वाक्यात कुठे ठेवायचं? आणि 'सोलो'वर आघातचिन्ह द्यायचं का?

रीत सांगणारं बहुधा क्रियापदानंतर. आपण 'तो सावकाश बोलतो' म्हणतो, स्पॅनिश 'आब्ला देस्पासिओ'. सहायक क्रियापद आणि कृदंत यांच्या मध्ये घुसू नका: 'सिएम्प्रे आ त्राबाहादो' किंवा 'आ त्राबाहादो सिएम्प्रे', पण 'आ सिएम्प्रे त्राबाहादो' नाही.

जागेने आणि स्वल्पविरामाने अर्थ फिरतो. 'नातुरालमेन्ते, रेस्पोन्दिओ' म्हणजे 'अर्थातच त्याने उत्तर दिलं'. 'रेस्पोन्दिओ नातुरालमेन्ते' म्हणजे 'त्याने सहजपणे उत्तर दिलं'.

'सोलो' म्हणजे एकटा (विशेषण) किंवा फक्त (क्रियाविशेषण, म्हणजेच 'सोलामेन्ते'). पूर्वी दुसऱ्या अर्थी पहिल्या 'ओ'वर चिन्ह देत. २०१० च्या शुद्धलेखन ग्रंथात स्पॅनिश भाषेचे नियम ठरवणाऱ्या अकादमीने ते टाळायला सांगितलं, त्यावर लेखक मंडळी बरीच चिडली, आणि मार्च २०२३ मध्ये अकादमीने शब्दरचना बदलून, लिहिणाऱ्याला संदिग्धता वाटत असेल तर चिन्ह देता येईल असं केलं. माझा सल्ला: देऊ नका. 'सोलामेन्ते' लिहिलंत की वादच मिटतो.

२०. मी गोव्याची, घरी आजीला पोर्तुगीज येतं. तिचे नियम इथे चालतील का?

बरेचसे. पोर्तुगीजमध्येही 'मेन्ते' स्त्रीलिंगी विशेषणालाच लागतं आणि जोडताना शेवटच्यावरच राहतं. मोठा फरक आघातचिन्हाचा: पोर्तुगीज 'मेन्ते' लावताच ते काढून टाकते, स्पॅनिश ठेवते. आजीने 'फासिलमेन्ते' चिन्हाशिवाय लिहिलं तर ते तिच्या भाषेत बरोबर आहे, तुमच्या गृहपाठात चूक. आधी फ्रेंच शिकून आलेल्यांनी उलट काळजी घ्यावी, कारण फ्रेंच आणि इटालियन दोन्ही शब्दांना प्रत्यय पूर्ण लावतात, आणि तीच सवय स्पॅनिशमध्ये 'लेंतामेन्ते इ कुइदादोसामेन्ते' होऊन उतरते. कातालानची तऱ्हा आणखी वेगळी: तिथे औपचारिक शैलीत प्रत्यय पहिल्यावर ठेवून पुढच्याचा गाळता येतो.